मी घातलेली इर्जिक

सभेत बोलायचं मला कुणी आमंत्रण दिलं की आमची सौभाग्यवती आधी विचारते, "जेवायला माणसं किती येणार आहेत?" ज्यांना मागची हकिकत माहीत नाही, त्यांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. तेव्हा ती हकिकत एकदा सांगूनच टाकतो.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी एका वैद्यकीय महाविद्यालयात समाजवैद्यक हा विषय शिकवत होतो. माणूस आजारी का पडला हे नुसतं त्याच्या छातीत न शोधता त्याच्या घरात, रानात आणि गावातही शोधायचं, असं हे शास्त्र. विषय फार थोर आहे असं मी मानतो. बाकीचं कॉलेज मानत नसे. शस्त्रक्रियावाले आम्हाला लग्नातल्या वाजंत्र्यांसारखे वागवीत. असावेत, पण पंगतीत शेवटी. आणि सांगलीच्या विश्रामबागेतले आमचे शेजारी आदगोंडा पाटील तर मला डॉक्टर म्हणायलाच तयार नव्हते. ते हळदीचे व्यापारी. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "तुमी सुई टोचताय?" म्हटलं, नाही. "पोट कापताय?" नाही. "मग मास्तरच की वो तुमी!" तेव्हापासून सगळी गल्ली मला मास्तर म्हणू लागली. मी चिडून दारावर 'डॉक्टर' अशी पितळी पाटी लावली. पोस्टमन ती पाटी मोठ्यानं वाचायचा आणि हाक मारायचा, "मास्तर आहेत का घरात?"

तर माझ्या मनात आलं की विद्यार्थ्यांना मिळून काम करायला शिकवावं. डॉक्टर हा प्राणी एकटा असला की फार हुशार असतो. दोघे एकत्र आले की ती हुशारी एकमेकांच्या चुका काढण्यात खर्ची पडते. माझी योजना साधी होती. तीन विद्यार्थी, एक रोगी आणि अट एकच, औषध द्यायचं नाही. फुकट औषध मिळत असूनही हा माणूस बरा का होत नाही, ते तिघांनी मिळून शोधायचं आणि त्यावर मिळूनच काहीतरी करायचं. त्यासाठी मी एक मोठा तक्ता रंगवून घेतला. मध्ये रोगी, भोवती वर्तुळं आणि वर्तुळावर्तुळांतून धावणारे बाण. सौभाग्यवतीनं तो पाहून "किती ठिपक्यांची रांगोळी ही?" असं विचारलं, ते मी मनावर घेतलं नाही.

विद्यार्थी मी मुद्दाम न जमणारे निवडले. मोडक दादरचा, परीक्षेत नेहमी पहिला, खेड्यात जायचं म्हटल्यावर उकळलेल्या पाण्याचा थर्मास गळ्यात अडकवणारा. गुणमाला चौगुले सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याची मुलगी. बोलायची कमी, पण माझ्या व्याख्यानात ती गप्प बसली की मला आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायचं. तिसरा मिरजेचा नायकवडी. हा वर्गात कधी सापडायचा नाही आणि कॅन्टीनमध्ये हटकून सापडायचा. आदगोंडांनी कुंपणावरून सल्ला दिला, "तीन तऱ्हेची तीन बैलं एका औताला जुंपलायसा, मास्तर. औत मोडंल, आदीच सांगतो."

औत मोडायच्या आधी जीप अडली. कॉलेजची जीप 'फक्त रुग्णांची ने-आण करण्यासाठी' होती. विद्यार्थी हा रुग्ण नव्हे, असं हेडक्लार्कनी मला नियम दाखवून पटवलं. पण माणूस दयाळू. चष्मा वर करून म्हणाले, "ह्यातला एखादा आजारी नाही का पडत?" म्हणून मोडकला स्ट्रेचरवर निजवून वर पांढरी चादर घालायची आणि फाटकाबाहेर पडलं की त्यानं उठून बसायचं, असं ठरलं. पहिल्याच दिवशी त्याला झोप लागली. गावच्या चावडीपुढं जीप थांबली, बायकाबापे भोवती गोळा झाले, कुणीतरी टोपी काढली, आणि मोडक चादर सारून उठून बसला. एक म्हातारी किंचाळून मागच्या मागं शेणाच्या पाटीत बसली. पुढं वर्षभर ती मोडकला लांबूनच नमस्कार करायची.

हे गाव पलूसच्या थोडं पुढं. नाव सांगत नाही, कारण तिथं मला अजून जेवायला जायचं असतं.

आमची रोगी राहीबाई. नवरा कृष्णात फौजेत हवालदार, कुठंतरी बर्फात. ती चार वर्षांच्या पोरीला घेऊन ओढ्याकाठच्या वस्तीवर राहायची. तिला क्षय झाला होता. त्या काळी क्षयाला रोज सुई टोचून घ्यावी लागे, तीही महिनोन्महिने. मध्येच सोडली तर रोग असा उलटे की पुढं औषध चालत नसे. सुई गावातल्या उपकेंद्रात फुकट होती. तिथली नर्सबाई एकटी आणि तिच्याकडं गावं चार, तेव्हा ती कुणाच्या दारी जाऊ शकत नव्हती. राहीबाई चार दिवस यायची, मग आठवडाभर तिचा पत्ता नसे. "असंच चाललं तर ही पावसाळा काढणार नाही," मोडक पहिल्याच दिवशी म्हणाला. ते ऐकून आम्ही सगळेच त्या पोरीकडं बघायचं टाळू लागलो.

पुढचे काही आठवडे माझ्या गटकार्याचं दृश्य असं होतं. मोडक राहीबाईला क्षयाच्या जंतूंवर व्याख्यान द्यायचा आणि ती "व्हय जी" म्हणून सगळं ऐकून घ्यायची. गुणमाला तिला अंडी खायला सांगायची, पण ते सांगताना त्या जैनाच्या पोरीचा आवाज इतका खाली जायचा की राहीबाईला "काय खाऊ म्हनलासा?" असं पुन्हा विचारावं लागे. नायकवडी वस्तीवर फिरकतच नसे. तो पारावर बसून चहा प्यायचा आणि गावगप्पा ऐकायचा. जीपमध्ये परतताना तिघं एकमेकांशी बोलत नसत आणि मी पुढच्या सीटवर ड्रायव्हरला संघभावना समजावून सांगत असे.

एका मंगळवारी परतताना जीपमध्ये मात्र भांडण पेटलं. मोडक म्हणाला, बाई निष्काळजी आहे, हिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. शिवाय गंमत अशी की सुई घेऊन आलेल्या दिवशी तिला जास्त धाप लागलेली असते, म्हणजे ढोंगही असेल. गुणमाला फणकाऱ्यानं म्हणाली, "ढोंग? त्या दिवशी तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं असतं आणि पाय ओरबाडलेले असतात. तुम्ही छातीच्या खाली कधी बघता का?" नायकवडी मागून आळसावून म्हणाला, "ओलं असणारच. सरळ वाटेवर दिरानं बाभळीच्या फांद्यांची काटी घालून ती बंद केलीय. पारावर सगळ्यांना ठाऊक आहे."

मग तिघं एकदम बोलू लागले, आणि थोड्या वेळानं ड्रायव्हरनं गाडी न विचारताच माघारी वळवली. मी ह्याच क्षणासाठी एक छोटं भाषण तयार ठेवलं होतं, पण ते ऐकायला कुणाला सवड नव्हती. खरं सांगतो, मला तेव्हा त्या पोरांचा इतका अभिमान वाटला की भाषण गिळताना काही दुःख झालं नाही.

राहीबाईनं आधी नाही नाही म्हटलं आणि मग सांगितलं. "सरळ वाट थोरल्या दिरांच्या बांधावरनं जाती. वाटनीचा वाद झाला, तवा त्यांनी काटी लावली. मग मी वढ्यातनं, उसातनं फिरून जाती. एकडाव जाऊन आलं की दोन दीस हातरुन सुटत न्हाई."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?" मोडकनं विचारलं.

"घरातली गोष्ट हाय, डाक्टर. तुमी औषिदाचं इचारलं. वाटंचं कुटं इचारलं?" आणि मग घाईनं म्हणाली, "मालकास्नी पत्र धाडू नगा. तिकडं त्यांच्या हातात बंदूक हाय. ध्यान हिकडं नगं."

मोडकनं थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. त्या दिवसानंतर त्यानं जंतूंचं व्याख्यान दिलं नाही.

आता वाट उघडायची. मी सरकारी माणूस. सरकारी मार्गानं निघालो. तलाठ्यांनी नकाशा पसरून दाखवला. नकाशात वाटच नव्हती. "नसलेली वाट बंद झाली, अशी तक्रार कशी घेणार?" ते म्हणाले. तासगावच्या कचेरीत सांगितलं, क्षय हा आरोग्य खात्याचा प्रश्न. आरोग्य खात्यात सांगितलं, काटे हा महसूल खात्याचा. तेव्हा मी स्वतःच त्या दिराकडं, नाथाजीकडं गेलो. माणूस मोठा अगत्याचा. त्यानं घोंगडं अंथरलं, चहा दिला, आपली खिलारी बैलजोडी दाखवली, जीपनं आखडलेल्या माझ्या कंबरेची चौकशी केली. मी हळूच वाटेचा विषय काढला. नाथाजीनं चौफेर बघितलं आणि अगदी निरागसपणे विचारलं, "वाट? कुटली वाट?" मी ती दाखवायला तावातावानं बांधावर गेलो आणि काट्यांत असा अडकलो की मला सोडवायला नाथाजीलाच यावं लागलं. टेरिलीनची नवी पँट मागच्या बाजूनं उघडली. सांगलीपर्यंत मी तक्ता मागं धरून गेलो. त्याचा झालेला हा पहिला उपयोग.

पोरांनी तोवर दुसरा उपाय काढला होता. राहीबाईच्या स्वतःच्या रानाच्या कडेनं आणि ओढ्याकाठच्या पडीक जागेतून नवी वाट होऊ शकत होती. कुठून न्यायची ते गुणमालानं रान बघून सांगितलं. धाप लागणाऱ्या माणसाला चढ किती सोसेल, ते मोडकनं काठीनं मोजून ठरवलं. नायकवडीनं सरपंच लालासाहेबांना चहा पाजून पाजून राजी केलं. फक्त ओढ्याची दरड भरायला खूप हात हवे होते. म्हणून चावडीत सभा भरली, आणि बोलायला अर्थातच मी उभा राहिलो.

तक्ता भिंतीला लावला होता. त्यातले बाण बराच वेळ निरखून लालासाहेबांनी विचारलं, "ह्यो कालवा कुटनं काढलाय?" मी तक्ता सोडून दिला आणि थेट विचारलं, "तुमच्या गावात सगळे मिळून एखादं काम कधी करता का?"

"करतो की. इर्जिक असती. एकाच्या रानात सगळं गाव बैलं घिऊन जातं. आठवड्याचं काम सांच्यापातूर हातावेगळं."

हा! माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. जे मी इंग्रजी पुस्तकांतून शिकवत होतो, ते इथं बांधावर उगवलेलं होतं! भारावून मी छातीवर हात ठेवला आणि गरजलो, "मंडळी, मग येत्या सोमवारी मी इर्जिक घालतो!"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर माझ्याबद्दल असा आदर पसरला, जो मला कॉलेजात कधीच मिळाला नव्हता. लालासाहेब उठून उभे राहिले. "तुमी? सोता? सगळ्या गावाला?" "सगळ्या गावाला!" मी म्हटलं. गुणमाला मागून माझा कोट ओढत होती. मला वाटलं, शिवलेली पँट पुन्हा उसवलीय.

जीपमध्ये ती म्हणाली, "सर, इर्जिक म्हणजे श्रमदान नव्हे. जो इर्जिक घालतो, त्यानं येणाऱ्या सगळ्यांना जेवू घालायचं असतं. पुरणपोळीचं."

"सगळ्यांना म्हणजे?"

"बैल घेऊन येतील त्या सगळ्यांना. आणि बैलांनाही."

मी ड्रायव्हरला गाडी माघारी घ्यायला सांगितलं. पण गुणमाला म्हणाली, बोललेली इर्जिक मागं घेतली तर गाव पुन्हा आपल्या हाकेला यायचं नाही, आणि राहीबाई ओढ्यातूनच जात राहील. मग मी ड्रायव्हरला पुन्हा सांगलीकडं वळवलं. त्यानं गियर फार जोरात टाकला.

घरी काय झालं ते थोडक्यात सांगतो. सौभाग्यवतीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्याकडं पुरणयंत्र एक आहे. चार माणसांचं." नंतर बराच वेळ ती नुसती त्या यंत्राकडं बघत बसली. कुंपणापलीकडून आदगोंडांनी विचारलं, "गावाला इर्जिक घातलीसा म्हनं?" मी मान खाली घालून हो म्हटलं. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "मग तुमी मास्तर न्हवं. हरभऱ्याची डाळ आनि गूळ माझ्याकडनं. न्हाई म्हनायचं न्हाई, डॉक्टर." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तो शब्द आला, तोही अशा वेळी.

आणि ती तीन तऱ्हेची बैलं! नायकवडीनं मेसच्या आचाऱ्याला पटवून होस्टेलची मोठाली पातेली मिळवली. गुणमालाच्या घरच्या बायका, आई, काकू, आत्या, पोळपाट-लाटणी घेऊन गावच्या चावडीत येऊन बसल्या. सुवर्णपदकाचा मानकरी मोडक आमटीच्या पातेल्यापुढं बाह्या सारून उभा राहिला आणि काकू म्हणतील तसा डाव फिरवू लागला. कुणी कुणाला हुकूम सोडत नव्हतं. ज्याला जे येत होतं ते तो करत होता आणि जे येत नव्हतं ते दुसऱ्याला विचारत होता. माझ्या तक्त्यात हे कुठंच नव्हतं.

त्याआधी पातेली गावात न्यायची पंचाईत झाली, कारण जीप फक्त रुग्णांसाठी. शेवटी सगळ्यांत मोठं पातेलं स्ट्रेचरवर ठेवून त्यावर चादर घातली. चादरीखाली पोट भलतंच वर आलेलं दिसत होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं हळहळून विचारलं, "जलोदर का, सर?" मी म्हटलं, "हो. फार वाढलाय."

आदल्या दिवशी घरोघर बोलावणं करायला मी हिंडलो. नाथाजीकडंही गेलो, कारण इर्जिकीत घर वगळायचं नसतं. त्यानं ह्या वेळी घोंगडं अंथरलं नाही. "इर्जिक कुनाची?" "माझी." "रान कुनाचं?" "राहीबाईंचं." "काम काय?" "तुमच्या बांधाला वळसा घालून वाट करायची." नाथाजी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि मी परत आलो.

सोमवारी उजाडताना सगळं गाव ओढ्याकाठी लोटलं. उन्हाळा होता, नांगरटीचे दिवस. इर्जिक म्हटल्यावर सवयीनं लोकांनी नांगरही आणले होते. नाथाजी तेवढा नव्हता. राहीबाई पोरीला कडेवर घेऊन छपरापुढं उभी होती. ती कुणाची वाट बघतेय ते सगळ्यांना कळत होतं.

लालासाहेब नारळ फोडणार, तेवढ्यात बांधावरून घुंगरांचा आवाज आला. नाथाजी आपली खिलारी जोडी घेऊन येत होता. सरळ, जुन्या वाटेनं.

"नवी वाट कशाला पायजे?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "जुनी हाय की."

"आनि काटी?" लालासाहेबांनी विचारलं.

नाथाजीनं चौफेर बघितलं. "काटी? कुटली काटी?"

बांध स्वच्छ होता. नाथाजीचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले होते. मोडक पुढं झाला आणि काही न विचारता त्याच्या हातांना टिंक्चर लावू लागला. औषध द्यायचं नाही ही अट होती, पण मी तिकडं बघितलंच नाही.

आता आली का अडचण! सगळं गाव जमलेलं, स्वयंपाक तयार आणि काम शिल्लकच नाही. मी म्हटलं, चला, जेवून घेऊ. म्हातारे माझ्याकडं असे पाहू लागले, जणू मी देवळात चपला घालून शिरलोय. काम न करता इर्जिकीचं जेवायचं? शेवटी नाथाजीच म्हणाला, "ह्ये रान पडून हाय. भाऊ फौजेत, भावजय अशी. नांगरून टाकूया." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पर ऐका डाक्टर, जेवान तुमचं. इर्जिक माजी. मी असताना माझ्या भावाच्या रानात परक्यानं इर्जिक घालायची न्हाई."

मी दुखावलो. एवढा मान आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला, तोही गेला. सौभाग्यवती पोळ्यांच्या ढिगामागून म्हणाली, "झालं! एवढं रांधलं, आणि नावही त्यांचंच." पण मग एकामागून एक नांगर सुटले, काळी माती उलटत गेली, आणि दिवस कलायच्या आत ते रान नांगरून झालं. मी बांधावर बसून पाहत होतो. माणसं अशीही असतात, ह्याचं मला फार अप्रूप वाटलं. यजमान शेवटी जेवतो, म्हणून नाथाजी सगळ्यांच्या मागून जेवला आणि मी पाहुणा म्हणून पहिल्या पंगतीत.

राहीबाईची सुई त्यानंतर चुकली नाही. जुन्या वाटेनं ती रोज जाई. पहिले काही दिवस नाथाजीची बायको तिच्याबरोबर असे.

पुढच्या उन्हाळ्यात विश्रामबागेतल्या आमच्या दारात एक उंच फौजी उभा राहिला. पितळी पाटी वाचून त्यानं सलाम ठोकला. "डॉक्टरसाहेब, मी कृष्णात. येत्या सोमवारी माझी इर्जिक हाय. तुमी आमच्या रानात जेवान घातलं, आता आमच्याकडं यायला लागतंय. रीत हाय तशी."

"पण मला बैल नाहीत हो!"

"मानूस आला तरी चालतं."

मी तिघांना घेऊन गेलो. मोडकनं हट्टानं नांगर धरला आणि नायकवडीनं बैल. नांगराचा तास इतका वाकडा गेला की नाथाजीनं डोळे मिटून घेतले. ऊन डोक्यावर आलं, आणि गुणमाला हळूच म्हणाली, "सर, तिकडं बघा."

बांधावरून, त्याच वाटेनं, राहीबाई येत होती. डोक्यावर पोळ्यांची भरलेली पाटी, हातात आमटीची कळशी, पोर पुढं पळत. गालांवर मांस आलं होतं. चढ चढून ती आमच्यापुढं उभी राहिली. तिला धाप लागली नव्हती. आम्ही चौघं डॉक्टर, आणि चौघंही तिच्या छातीकडं, श्वासाकडंच बघत होतो. मोडकच्या हातून नांगर सुटला होता.

"आसं काय बगतायसा?" राहीबाई म्हणाली. "बसा की. आमटी निवतीया."